महागड्या काउंटीतील बालसंगोपन अनुदान : स्थानिक मुभा म्हणजे नेमके काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सँटा क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आपण काही मंडळी मिळून एक ना-नफा बालवाडी चालवता, तिचे कॅलिफोर्निया राज्याशी अनुदानाचे कंत्राट आहे, प्रतीक्षायादीत पन्नासेक कुटुंबे आहेत, आणि तरीही कंत्राटात मंजूर झालेली रक्कम पूर्णपणे ‘कमावली’ जात नाही. महागड्या काउंट्यांना स्वतःचा अनुदान-आराखडा करण्याची मुभा कायद्याने दिली आहे असे आपल्या कानावर आले आहे. त्यातून जास्त पैसे मिळतात का, मिळत नसतील तर तिचा उपयोग काय, आणि मुंबईतील अंगणवाड्यांना असे काही लागू करता येईल का, हे आपण विचारले आहे.

जास्त पैसे मिळत नाहीत. जे पैसे आपल्या काउंटीच्या नावावर आधीच लिहिलेले आहेत, ते परत न जाता इथेच मुलांवर खर्च व्हावेत, एवढीच ही सोय आहे. ऐकायला हे फारच थोडे वाटते; परंतु या क्षेत्रात बरीच वर्षे कंत्राटांचे हिशेब जुळवण्यात घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की महागड्या भागात अनुदानाची कमतरता जेवढी नडते, तेवढीच अनुदान वापरताच न येण्याची अडचणही नडते. महाराष्ट्रात सरकारी खात्यात किंवा जिल्हा परिषदेत ज्यांनी काम केले आहे त्यांना ‘मार्चअखेर’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इथे तीच घाई ३० जूनला असते.

पैसे परत का जातात, ते आधी पाहू. राज्याशी थेट कंत्राट असलेल्या केंद्राला दर मुलामागे, दर दिवसाला एक ठरावीक दर मिळतो, आणि हा प्रमाणित दर राज्यभर एकच असे. २००७ पासून सुमारे सात वर्षे तो पूर्णवेळ मुलामागे दिवसाला ३४.३८ डॉलरवर गोठलेला होता. २०१४ मध्ये पाच टक्के वाढ होऊन तो ३६.१० झाला. स्वस्ताईच्या मोदेस्तोजवळच्या गावातले केंद्र आणि महागड्या पालो आल्टोमधले केंद्र यांना एकच दर. केंद्राला मिळणारी रक्कम तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान असते : कंत्राटाची कमाल मर्यादा, प्रत्यक्ष झालेला खर्च, किंवा मुलांचे नोंदणी-दिवस गुणिले दर. महागड्या काउंटीत हा तिसरा आकडाच नेहमी लहान निघतो.

एक काल्पनिक केंद्र घेऊन हिशेब मांडते, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत हाच हिशेब सर्वांत लवकर पटतो असा माझा अनुभव आहे. समजा, कंत्राट १०० मुलांसाठी, वर्षाला २५० दिवसांचे आहे. म्हणजे २५,००० नोंदणी-दिवस, ३४.३८ च्या दराने कंत्राटाची रक्कम ८,५९,५०० डॉलर होते. आता भाडे, पगार आणि विमा धरून त्या केंद्राला एका मुलाचा एक दिवस प्रत्यक्षात ५० डॉलरला पडतो असे माना. १०० मुले घेतली तर खर्च साडेबारा लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ ३ लाख ९० हजारांची तूट. एवढी देणगी कोणतेही लहान केंद्र दरवर्षी उभी करू शकत नाही. मग ते एक वर्ग बंद ठेवते, शिक्षिकेची रिकामी जागा भरत नाही, आणि ७० मुलांवर थांबते. आता नोंदणी-दिवस १७,५००, कमाई ६,०१,६५०, तूट २,७३,३५०, जी देणग्या आणि इतर वर्गांच्या फीमधून कशीबशी भरून निघते. उरलेले २,५७,८५० डॉलर राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, परत. बाहेर प्रतीक्षायादी, आत रिकामा वर्ग आणि हातात अखर्चित निधी, अशी ही स्थिती असते.

स्थानिक मुभेचा मुख्य उपयोग इथेच होतो. काउंटीच्या आराखड्याने या केंद्राचा दर दिवसाला ४० डॉलर केला आणि कंत्राटाची रक्कम मात्र तीच ठेवली, तर तेच ८,५९,५०० डॉलर कमावण्यासाठी सुमारे २१,५०० नोंदणी-दिवस पुरतात, म्हणजे ८६ मुले. तूट सुमारे २ लाख १५ हजारांवर येते, जी ७० मुलांच्या वेळच्या तुटीपेक्षाही कमी आहे. राज्याचा एक डॉलरही वाढला नाही आणि सोळा मुलांना जागा मिळाली. ज्या केंद्राला दर वाढवूनही कंत्राट पुरे करता येणार नाही, त्याने आपली न वापरली जाणारी रक्कम वर्ष संपण्याआधी स्वेच्छेने सोडावी आणि ती त्याच काउंटीतल्या, जागा असलेल्या दुसऱ्या केंद्राला मिळावी, हा या व्यवस्थेचा दुसरा भाग आहे.

या हिशेबात एक मेख आहे, आणि ती न समजल्यामुळे अनेक सभांमध्ये विनाकारण वाद झालेला मी पाहिला आहे. कागदावर कंत्राट १०० मुलांचे होते आणि आपण ८६ चे बोलत आहोत. मग ही वाढ म्हणायची की कपात? कायद्याने याचे उत्तर नीट दिले आहे : आराखडा लागू होण्यापूर्वीच्या पायाभूत वर्षात काउंटीभर प्रत्यक्षात जेवढे नोंदणी-दिवस झाले, त्यांच्याशी तुलना करायची, आणि एकूण आकडा वाढलेला दाखवायचा. तुलना कागदावरच्या १०० शी नसून प्रत्यक्षातल्या ७० शी आहे. ही अट नसती तर दरवाढ म्हणजे कमी मुलांना जास्त पैसे देणे एवढाच अर्थ उरला असता, आणि प्रतीक्षायादीतल्या आयांनी त्याला विरोध केला असता तर तो योग्यच ठरला असता. मात्र वैयक्तिक केंद्राच्या पातळीवर नुकसान होऊ शकते हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जे केंद्र शिक्षिकांना अगदी कमी पगारावर राबवून शंभरच्या शंभर जागा भरत होते, ते दर वाढताच ८६ वर येऊ शकते. बेरीज काउंटीची होते. त्या एका वस्तीतल्या चौदा कुटुंबांना त्या बेरजेचा काही उपयोग नसतो.

या सगळ्याची सुरुवात सॅन मटेओ काउंटीपासून झाली. २००३ मध्ये विधिमंडळाने तिला प्रायोगिक मुभा दिली. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मिळाली. नंतर दहा वर्षे काही नाही. मग २०१५ मध्ये अलामेडा, २०१६ मध्ये आपली सँटा क्लारा, आणि २०१७ मध्ये आणखी काउंट्या. आराखडा काउंटीची लोकल प्लॅनिंग कौन्सिल (बालसंगोपनाचे नियोजन करणारी स्थानिक परिषद) तयार करते, त्यावर जाहीर सुनावणी होते, काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ मान्यता देते आणि शेवटी राज्याचे खाते त्यावर शिक्का मारते. राज्याच्या नियमांना बाजूला सारून काउंटी फक्त चार बाबतींत स्वतःचे नियम करू शकते : पात्रता, पालकांची फी, केंद्रांना मिळणारा दर आणि उपलब्ध निधी जास्तीत जास्त वापरण्याच्या पद्धती. परवाना, आरोग्य, सुरक्षितता यांना हात लावता येत नाही, आणि तो लावू देऊ नये या मताची मीही आहे.

दरांबद्दल एवढे बोलूनही, माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट दर ही नव्हती. ती होती पात्रतेची वरची मर्यादा. २०११ नंतर कित्येक वर्षे तीन माणसांच्या कुटुंबासाठी महिना ३,५१८ डॉलर, म्हणजे वर्षाला ४२,२१६ डॉलर ही मर्यादा होती. ती राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचे उत्पन्न ज्याहून कमी आणि निम्म्यांचे जास्त असते तो आकडा) ७० टक्के म्हणून काढलेली, आणि तेही २००५ च्या आकड्यांवरून. आता २०१६ सालचा हिशेब करा. राज्याचे किमान वेतन तासाला १० डॉलर. आई-वडील दोघेही वर्षभर पूर्णवेळ काम करत असतील तर दोघांचे मिळून ४१,६०० डॉलर होतात, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. त्याच वर्षी जुलैपासून सॅन फ्रान्सिस्कोचे किमान वेतन १३ डॉलर झाले. त्या दराने तेच दोघे ५४,०८० डॉलर कमावतात आणि राज्याच्या फूटपट्टीने ‘अपात्र’ ठरतात. भाडे महाग म्हणून शहराने मजुरी वाढवायची, आणि मजुरी वाढली म्हणून राज्याने पाळणाघर काढून घ्यायचे, असा तो उलटा न्याय होता.

२०१३ च्या सुमारास, आपल्या काउंटीला अजून मुभा मिळालेली नसताना, पात्रतेच्या नूतनीकरणाच्या टेबलावर माझ्यासमोर एक आई बसली होती. दोन मुले, स्वतः एकटी, हॉटेलात खोल्या आवरण्याचे काम. दर दोन आठवड्यांनी पगार मिळणाऱ्यांचे मासिक उत्पन्न काढताना आम्ही एका पगाराला २६ ने गुणून १२ ने भागतो. तिच्या पावतीवर १,६३८ डॉलर होते. गुणाकार-भागाकार केल्यावर आले ३,५४९. मर्यादेपेक्षा एकतीस डॉलर जास्त. तिने पावती परत हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि विचारले, “मुकादमाला सांगून आठवड्याचे एक-दोन तास कमी करून घेतले तर चालेल का?” चालण्यासारखेच होते, आणि नियमाने मी तिला तसे करू नको असे सांगू शकत नव्हते. ती राहत होती पालो आल्टोच्या कडेला. सॅन फ्रान्सिस्किटो ओढा ओलांडला की सॅन मटेओ काउंटी लागते, जिच्या आराखड्यात एकदा प्रवेश मिळालेल्या कुटुंबाला मध्यम उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत राहू देण्याची सोय होती. ओढ्याला त्या दिवसांत गुडघाभर पाणीही नव्हते.

प्रवेशाची मर्यादा खाली आणि बाहेर पडण्याची मर्यादा वर, एवढ्या साध्या बदलाने पगारवाढीची भीती बरीचशी जाते. तासाला दीड डॉलरची वाढ म्हणजे पूर्णवेळ कामाला वर्षाकाठी ३,१२० डॉलर. पाळणाघराची महिना हजार-दीड हजार डॉलर फी स्वतः भरावी लागणार असेल तर कोणती शहाणी आई ती वाढ घेईल? अनुदानाच्या चर्चेत ‘कष्टाला प्रोत्साहन’ हा शब्दप्रयोग फार होतो. पगार थोडा वाढताच अनुदान एकदम तुटते, त्या कड्यावर या शब्दप्रयोगाची खरी परीक्षा होते.

२०१७ मध्ये राज्यानेच मध्यम उत्पन्नाचे ताजे आकडे घेतले, बाहेर पडण्याची मर्यादा ८५ टक्क्यांवर नेली आणि एकदा पात्र ठरलेल्या कुटुंबाला किमान बारा महिने स्थैर्य दिले. त्यानंतर बालसंगोपन कार्यक्रमांची प्रवेशाची मर्यादाही ८५ टक्के झाली. म्हणजे ओढ्यापलीकडच्या काउंटीने जे चौदा वर्षे करून पाहिले, ते सर्वांना मिळाले. आपल्या बालवाडीतील बहुतेक पालकांना आज हा इतिहास ठाऊक नसतो, त्याचे कारण तो प्रश्न आता त्यांना पूर्वीसारखा भेडसावत नाही. परंतु एक दोष कायम आहे : ८५ टक्के हेही राज्याच्या मध्यम उत्पन्नाचे, काउंटीच्या नव्हे. घरांच्या बाबतीत केंद्र सरकार स्थानिक उत्पन्न पाहते. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि मरीन या भागात चार माणसांच्या कुटुंबाला १,१७,४०० डॉलरपर्यंत ‘अल्प उत्पन्न’ गटात धरले गेले तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. घरासाठी अल्प उत्पन्नाचे असलेले कुटुंब पाळणाघरासाठी मात्र सधन ठरते. राज्य ही मर्यादा केंद्र सरकारच्या निधीमुळे फार वर नेऊ शकत नाही, कारण त्या निधीला ८५ टक्क्यांचे छप्पर आहे. त्यापलीकडे जायचे तर पैसा स्थानिकच लागतो.

दरांच्या बाबतीतही राज्याने स्वतःच्या विसंगतीकडे उशिरा का होईना पाहिले. पालकांना दिल्या जाणाऱ्या व्हाउचरचा (स्वतः निवडलेल्या केंद्रात वापरायच्या अनुदानाचा) दर पूर्वीपासूनच काउंटीनुसार बदलत असे, कारण तो बाजारातील फीच्या पाहणीवरून ठरतो. म्हणजे एका योजनेत राज्याला मान्य होते की सॅन होजे आणि फ्रेझ्नो येथील खर्च वेगळा असतो, आणि दुसऱ्या योजनेत मान्य नव्हते. त्यातून असे विपरीत घडे की आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती ठेवण्याची कडक अट पाळणाऱ्या कंत्राटी बालवाडीला, बारा मुलांमागे एक ठेवणाऱ्या शेजारच्या खासगी केंद्राच्या व्हाउचरपेक्षा कमी पैसे मिळत. जानेवारी २०२२ पासून कंत्राटी केंद्रांना प्रमाणित दर आणि २०१८ च्या पाहणीतील पंचाहत्तराव्या शतमकाचा बाजारदर (ज्याच्या आत शंभरातल्या पंचाहत्तर जागांची फी येते तो) यांपैकी जो जास्त तो मिळू लागला. महागड्या काउंट्यांना याचा मोठाच दिलासा मिळाला. तरीही बाजारदर म्हणजे खर्च नव्हे. पालकांना जेवढी फी परवडते तेवढाच बाजारदर राहतो, आणि तो कमी राहतो त्याचे कारण शिक्षिका कमी पगार घेतात. ज्या शिक्षिका स्वतःच्या मुलासाठी हेच अनुदान मागायला येतात त्यांच्या पगारावरून खरा खर्च काढता येत नाही.

आपल्यासमोरची आजची अडचण माझ्या अंदाजाने वेगळी आहे. चार वर्षांच्या सर्व मुलांना सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टनमध्ये विनामूल्य जागा देण्याचा टप्पा २०२५-२६ मध्ये पूर्ण झाला. बालवाड्यांमधून चार वर्षांची मुले, म्हणजे सर्वांत कमी खर्चाची मुले, निघून गेली. प्रतीक्षायादीत उरली ती तान्ही आणि दोन वर्षांखालची. तान्ह्या बाळांना तिघांमागे एक मोठी व्यक्ती लागते, चालू लागलेल्यांना चौघांमागे एक, आणि तीन-चार वर्षांच्यांना आठांमागे एक. नुसत्या माणसांच्या हिशेबाने बाळ मोठ्या मुलाच्या २.६७ पट महाग पडते. २०१८-१९ मध्ये राज्याने त्यासाठी ठरवलेला गुणक मात्र २.४४ होता. शिवाय कपडे बदलण्याचे टेबल, बाजूला हात धुण्याचे बेसिन, झोपण्याची वेगळी जागा, हे सर्व जुन्या चर्चच्या तळघरात भाड्याने घेतलेल्या वर्गात बसवायचे असते. प्रतीक्षायादी पन्नासांची असली तरी त्यातील किती बाळे आहेत, हे आधी मोजावे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी मंडळाला पन्नास हा आकडा ठाऊक होता, वयोगट ठाऊक नव्हते.

स्थानिक मुभा आणि स्थानिक पैसा या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण सांगते. तिथे मुभा २००५ पासून होती, पण जून २०१८ मध्ये मतदारांनी व्यापारी जागांच्या भाड्यावर खास कर मंजूर केला : गोदामांवर १ टक्का, इतर व्यापारी जागांवर ३.५ टक्के. त्याविरुद्धचा न्यायालयीन वाद २०२१ पर्यंत चालला. हा कर हाती आल्यानंतर शहराला राज्याच्या मर्यादेवरील कुटुंबांना सामावून घेता आले आणि शिक्षिकांच्या पगारात स्वतःची भर घालता आली. अलामेडातही मार्च २०२० मध्ये मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला आणि तोही बराच काळ न्यायालयात अडकला. कर मंजूर झाला म्हणजे पुढच्या वर्षी पैसे आले, असे समजून कोणीही भाडेकरार करू नये, एवढेच इथे सांगते.

मुंबईबद्दल. तुलना अर्धीच लागू होते. अंगणवाडीच्या भाड्यासाठी केंद्र सरकारने ग्रामीण, नागरी आणि महानगरी असे टप्पे केले आहेत. म्हणजे जागा महाग असते हे तत्त्व मान्य आहे. पण महानगर हा एकच टप्पा धरला की धारावी आणि विरारजवळचा भाग एका रांगेत येतात. शिवाय तिथे पैसे परत जाण्यापेक्षा जागाच न मिळण्याची अडचण मोठी असते, म्हणून अंगणवाडी एखाद्या स्थानिक मंडळाच्या कार्यालयात किंवा समाजमंदिरात भरते. कॅलिफोर्नियाकडून घेण्यासारखे काही असेल तर ती मोजणीची अट आहे : जिल्ह्याला दर ठरवण्याची मोकळीक द्यावी, आणि त्या बदल्यात प्रत्यक्ष येणाऱ्या मुलांचे दिवस आधीच्या वर्षापेक्षा वाढले की नाही, हे दरवर्षी जाहीर करायला लावावे.

आता आपण करायचे काय? दर महिन्याची कमाई आणि वर्षअखेरीचा अंदाज यांचा एक कागद नोव्हेंबरपासून संचालक मंडळासमोर ठेवा. जानेवारीत जर दिसले की रक्कम पूर्ण वापरली जाणार नाही, तर काउंटीला लगेच कळवा. बरीच केंद्रे लाजेपायी मे महिन्यापर्यंत थांबतात. मे महिन्यात सोडलेली रक्कम दुसऱ्या केंद्रालाही वापरता येत नाही, कारण त्या वेळी नवी मुले नोंदवून उरतात फार तर तीस-चाळीस दिवस. एक वर्ष रक्कम सोडली म्हणजे ती कायमची गेली का, हे आपल्या काउंटीच्या आराखड्यात तपासा आणि उत्तर लेखी घ्या. रिकाम्या जागा मुले नसल्यामुळे आहेत की शिक्षिका नसल्यामुळे, हे वेगळे लिहून ठेवा. दुसरे कारण असेल तर वाढीव दरातील पहिला पैसा पगारात घालावा लागेल, नाहीतर दर वाढूनही वर्ग बंदच राहील. चार वर्षांच्या मुलांसाठीचे कंत्राट बाळांकडे वळवायचे असल्यास परवान्याच्या बदलाला लागणारे महिने धरूनच अर्ज करा. आणि लोकल प्लॅनिंग कौन्सिलच्या पुढच्या सभेला जाताना दोन कागद सोबत न्या : गेल्या तीन वर्षांचे नोंदणी-दिवस, आणि वयोगटानुसार फोडलेली प्रतीक्षायादी.